पाण्यावरची वीण

रात्रीची जेवणं उरकली की एक गंमत करून पाहा. काचेच्या वाडग्यात पाणी घ्या, काठापासून दोन बोटं खाली राहील इतकं. पंखा बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या. मग त्यात पाच-सहा कुरमुरे एकमेकांपासून दूर दूर सोडा. थोडा वेळ ते आपापल्या जागी तरंगत राहतील. मग त्यांतले दोन एकमेकांच्या दिशेनं सरकू लागतील. आधी अगदी हळू, आणि जवळ आल्यावर झटकन पुढे होऊन चिकटतील. एखादा वाडग्याच्या काठाला जाऊन बिलगेल. पाच-दहा मिनिटांत त्यांचा एक पुंजका झालेला असेल. तुम्ही हात लावलेला नाही, वारा नाही, चमचा नाही.

मी कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. हे दृश्य पाहून माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘ओढ’. एकाला दुसऱ्याची ओढ लागली, असं मी लिहून मोकळाही झालो असतो. पण ही ओढ नेमकी कुठे असते? या कुरमुऱ्यात, त्या कुरमुऱ्यात, की आणखी कुठे? या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी एका मोठ्या शास्त्राच्या दारात जाऊन पोचलो. दोन द्रवांच्या किंवा द्रव आणि हवेच्या सीमेवर बारीक कण आपोआप कसे जुळतात, त्यांच्या आकृत्या कशा घडतात आणि हे आधीच गणितानं कसं सांगता येतं, याचं हे शास्त्र. आज त्याविषयी बोलणार आहे.

पाण्याचा पृष्ठभाग ताणलेला असतो. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. वरच्या थरातल्या रेणूला वरून शेजारी नसतात, म्हणून तो आत ओढला जातो आणि सगळा पृष्ठभाग आपलं क्षेत्रफळ कमीत कमी करू पाहतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. आता कुरमुरा पाण्यापेक्षा हलका आणि पाण्यानं भिजणारा. पाणी त्याच्या अंगावर किंचित चढतं आणि त्याच्याभोवती एक बारीक उंचवटा तयार होतो, डोळ्यांना सहसा न दिसणारा. हलकी वस्तू नेहमी वर जाऊ पाहते. शेजारच्या कुरमुऱ्याभोवती पाणी उंच आहे, तर हा त्या चढावर चढू लागतो. दुसराही याच्या चढावर चढतो. आपल्याला वाटतं, त्यांनी एकमेकांना ओढलं. खरं तर प्रत्येक जण फक्त आपल्या पायाखालचा उतार ओळखतो. काचेच्या काठाशीही पाणी थोडं वर चढलेलं असतं, म्हणून काही कुरमुरे काठ गाठतात.

म्हणजे ओढ कुरमुऱ्यात नव्हती, ती दोघांमधल्या पाण्याच्या वळणात होती.

हे खरं कशावरून? इथेच विज्ञानाची रीत कवितेपेक्षा वेगळी होते. नियम मांडला की तो पणाला लावावा लागतो. वाडगा काठोकाठ भरा, इतका की पाणी काठाच्या किंचित वर फुगून उभं राहील. आता काठाशी चढ नाही, उतार आहे. नियम बरोबर असेल तर कुरमुऱ्यानं काठाकडे पाठ फिरवून मध्यावर यायला हवं. तो येतो. आणखी एक कसोटी आहे. वर्तमानपत्राच्या लहानशा कपट्यावर टाचणी आडवी ठेवून कपटा अलगद पाण्यावर सोडा. कागद भिजून खाली जाईल आणि टाचणी तरंगत राहील. ती जड आहे. तिच्याभोवती पाण्याला उंचवटा येत नाही, खळगा पडतो. कुरमुरा त्या खळग्यात उतरत नाही, दूर सरकतो. दोन टाचण्या मात्र एकमेकींच्या खळग्यात घसरून जवळ येतात. २००५ मध्ये डॉमिनिक व्हेला आणि एल. महादेवन या दोन शास्त्रज्ञांनी हे सगळं गणितासह एका लेखात मांडलं. दुधात तरंगणाऱ्या ‘चिरिओज’ नावाच्या न्याहारीच्या धान्यकड्यांवरून या परिणामाला चिरिओज परिणाम म्हणतात. आपल्याकडे हा शोध लागला असता तर त्याला कुरमुऱ्याचं नाव मिळालं असतं, एवढाच फरक.

हे शास्त्र स्वयंपाकघरातून सुरू होतं असं मी म्हणतो, ते केवळ बोलण्यापुरतं नाही. १८६२ मध्ये जन्मलेल्या आग्नेस पॉकेल्स जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात राहत. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम हीच त्यांची दिनचर्या. भांडी घासताना तेलकट आणि स्वच्छ पाण्याच्या वागण्यातला फरक त्यांच्या लक्षात आला. त्यांनी पत्र्याचं एक लांबट, उथळ भांडं केलं. त्यात आडवी पट्टी सरकवून पृष्ठभाग लहानमोठा करायचा आणि त्याचा ताण मोजायचा. सुमारे दहा वर्षं त्यांनी घरीच मोजमापं केली. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी इंग्लंडचे नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅले यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते छापून आलं. पृष्ठभागाच्या अभ्यासात आजही वापरली जाणारी मोजपात्रं त्या पत्र्याच्या भांड्याचीच वंशज आहेत. १९३२ मध्ये, वयाच्या सत्तरीत, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

त्याच्याही कितीतरी आधी, सतराव्या शतकात, आपल्या दख्खनमधले कारागीर पाण्याच्या पृष्ठभागावर चित्रं काढत होते. आदिलशाही विजापूरची ‘अबरी’ चित्रं आजही जगातल्या संग्रहालयांत आहेत. अब्र म्हणजे ढग. ढगांसारखी नक्षी असलेला कागद तो अबरी. डिंकासारख्या पदार्थानं दाट केलेल्या पाण्यावर रंगाचे थेंब सोडायचे, ते पसरावेत म्हणून त्यात जनावराचं पित्त मिसळायचं, काडीनं रेघा ओढायच्या आणि वर कागद टेकवून ती नक्षी उचलून घ्यायची. नवा थेंब आधीच्या रंगाला बाजूला सारतो, पण त्यात मिसळत नाही. कारागिरानं थेंब कुठे सोडायचा ते ठरवायचं, बाकीचं काम पाण्यानं करायचं. जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांच्या आत असा कागद तुम्ही पाहिला असेल.

रंग म्हणजे शेवटी बारीक कणच. आता आपण त्या आकाराकडे जाऊ. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या केसाची जाडी साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन असते. एवढ्या लहान कणाचं वजन इतकं क्षुल्लक की त्याच्यानं पाण्यावर खळगा पडत नाही आणि उंचवटाही येत नाही. म्हणजे कुरमुऱ्याचा नियम इथे संपला. शिवाय पाण्याचे रेणू उष्णतेमुळे सतत धडका देत असतात. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली परागातल्या कणांची जी थरथर पाहिली आणि १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी जिचं गणित केलं, तीच ही. अशा धक्काबुक्कीत कण पृष्ठभागावर टिकावा तरी कसा?

तो टिकतो, आणि पक्का टिकतो. कण पृष्ठभागावर बसला की तेवढ्या जागेपुरता पाण्याचा पृष्ठभाग नाहीसा होतो. पृष्ठभागाला तर कमीच व्हायचं असतं. एक मायक्रॉन त्रिज्येचा कण निम्मा पाण्यात, निम्मा हवेत बसला असेल, तर त्याला तिथून उपटायला लागणारी ऊर्जा ही रेणूंच्या धडकेतल्या सरासरी ऊर्जेच्या पाच कोटी पटींहून जास्त भरते. त्याच्या शंभरावा भाग असलेल्या कणासाठीही ती पाच हजार पटींच्या घरात राहते. म्हणून एकदा सीमेवर आलेला कण परत फिरत नाही. तेल आणि पाणी घुसळल्यावर थेंबांभोवती बारीक कणांचं कवच बसलं तर ते थेंब पुन्हा एक होत नाहीत, हे १९०३ मध्ये रॅम्सडेन आणि १९०७ मध्ये पिकरिंग यांनी दाखवलं, त्यामागचं कारण हेच.

पण सीमेवर अडकलेला कण सीमेच्या आत मात्र मोकळा असतो. तो मागेपुढे, डावीउजवीकडे फिरू शकतो. मग तो कुठे थांबतो? १९८० मध्ये पावेल पिएरान्स्की यांनी पाव मायक्रॉनच्या आसपास व्यासाचे प्लॅस्टिकचे गोल कण पाण्याच्या पृष्ठभागावर सोडले. कणांवर विद्युतभार होता. पाण्यातला अर्धा भाग भारित, हवेतला नाही, त्यामुळे प्रत्येक कण एका दिशेनं उभ्या केलेल्या चिमुकल्या चुंबकासारखा वागू लागला आणि शेजाऱ्याला दूर लोटू लागला. सगळे सगळ्यांना लोटत असतील आणि जागा तर मोजकीच असेल, तर सर्वांत सोयीची मांडणी कोणती? प्रत्येकाभोवती समान अंतरावर सहा शेजारी. आणि तेच झालं. पाण्यावर त्रिकोणी विणीचा एक स्फटिक उभा राहिला, कण एकमेकांना न शिवता. जवळ येण्यानं जशी आकृती घडते, तशी दूर राहण्यानंही घडते.

आता मॉडेलविषयी. मॉडेल म्हटलं की आपल्याला संगणक आठवतो, पण या कामात आधी सुया आणि बुडबुडे होते. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या आल्फ्रेड मेयर यांनी लहान बुचांमध्ये चुंबकीय सुया खोचून त्या पाण्यावर सोडल्या. सुया एकमेकींना लोटत होत्या आणि वर धरलेला मोठा चुंबक त्यांना मध्यभागी ओढत होता. तीन सुयांचा त्रिकोण झाला, चारांचा चौकोन. पुढे एक सुई मधे आणि बाकीच्या भोवती अशी कडी तयार होऊ लागली. जे. जे. थॉमसन यांना त्यात अणूच्या आतली इलेक्ट्रॉनची मांडणी दिसली. अणूचं ते चित्र पुढे, १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अणुकेंद्र दाखवून दिल्यावर, मागे पडलं. सुयांच्या आकृत्या मात्र खऱ्याच राहिल्या. १९४७ मध्ये लॉरेन्स ब्रॅग आणि जॉन नाय यांनी साबणाच्या पाण्यावर सारख्या आकाराचे हजारो चिमुकले बुडबुडे सोडले. बुडबुडे कुरमुऱ्यांसारखेच एकमेकांकडे सरकले आणि त्यांची षटकोनी वीण तयार झाली. त्या विणीत मधेच एखादी ओळ तुटलेली, एखादी जागा रिकामी. धातू वाकतो तेव्हा आतल्या अणूंच्या ओळी कशा सरकत असतील, ते या बुडबुड्यांच्या तराफ्यात साध्या डोळ्यांनी पाहता आलं.

संगणकातलं मॉडेल हेच काम आकड्यांनी करतं. प्रत्येक कणाची जागा लिहून ठेवायची. कोणत्या अंतरावर कोण किती ओढतो किंवा लोटतो याचा नियम द्यायचा. रेणूंच्या धडकांसाठी प्रत्येक पावलाला थोडी यादृच्छिक थरथर मिसळायची. मग काळ अतिशय बारीक तुकड्यांनी पुढे ढकलत, लाखो वेळा तोच हिशोब करायचा. नियमात ‘षटकोन कर’ असं कुठेही लिहिलेलं नसतं. प्रत्येक कणाला फक्त शेजारी ठाऊक असतात, आणि तरीही शेवटी पडद्यावर वीण दिसते. यातली खरी अक्कल काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं यात आहे. पाण्याचा एकेक रेणू मोजायला बसलं तर जन्म पुरणार नाही. पाणी अजिबात सोडलं तर प्रवाहाचा परिणाम हरवतो. म्हणून कुणी पाण्याला जाळीच्या चौकटीत बसवून ढोबळ मानानं वाहतं ठेवतात, कुणी केवळ त्याचा ताण ठेवून बाकी सोडून देतात.

असा हिशोब निसर्गाच्या पुढे जाऊ शकतो का? याचं एक उत्तर एडिंबरा विद्यापीठात मिळालं. २००५ मध्ये मायकेल केट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकात दोन द्रव एकत्र मिसळले आणि त्यांत दोन्ही द्रव सारखेच मानवणारे कण घातले. मग द्रव एकमेकांपासून फुटू दिले. फुटताना दोघांमध्ये जी वळणावळणाची सीमा तयार झाली तिच्यावर कण जाऊन अडकले. सीमा आकसू लागली तशी कणांची दाटी झाली, आणि शेवटी इतकी गर्दी झाली की पुढे आकसायला जागाच उरली नाही. हिशोबानं सांगितलं की दोन्ही द्रव स्पंजासारखे एकमेकांत गुंतलेले, तरीही वेगळे, असे गोठून राहतील. असा पदार्थ तेव्हा कुणी बनवलेला नव्हता. शिवाय संगणकात जो काळ पाहता येतो तो फार थोडा, त्यामुळे ही रचना खरोखर टिकेल का ही शंका होतीच. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच विद्यापीठातल्या प्रयोग करणाऱ्यांनी पाणी, ल्युटिडिन नावाचा द्रव आणि सिलिकाचे कण घेऊन तो पदार्थ प्रत्यक्ष बनवला. त्याला ‘बायजेल’ म्हणतात. बारीक छिद्रांची गाळणी किंवा बॅटरीचे इलेक्ट्रोड यासाठी तो वापरता येईल का, यावर तेव्हापासून काम होत आलं आहे.

सगळेच कण गोल नसतात, आणि आकार बदलला की गोष्टही बदलते. कोऱ्या चहाचा किंवा कॉफीचा थेंब फरशीवर वाळला की कडेला गडद वर्तुळ उरतं, मधला भाग फिका राहतो. १९९७ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी याचं कारण दाखवलं. थेंबाची कड फरशीला चिकटून राहते आणि तिथे पाणी जास्त वेगानं उडून जातं. ती तूट भरून काढायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि येताना कणांना घेऊन येतं. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोल कण ताणून लांबट केले आणि तोच प्रयोग केला. वर्तुळ उमटलंच नाही, डाग सगळीकडे सारखा बसला. कण तसेच कडेकडे निघाले होते, पण वाटेत पाण्याच्या पृष्ठभागाला लागले. लांबट कणाभोवती पृष्ठभाग कुठे उंच, कुठे खोल असा मुरडतो. वजन नसलं तरी ही मुरड असते. तिच्यामुळे कण एकमेकांत अडकले, त्यांची विरळ जाळी झाली आणि ते तिथेच थांबले. छपाईची शाई किंवा रंगाचा हात एकसारखा बसवायचा असेल त्यांना या माहितीचं मोल कळेल.

लांबट आकाराची हीच करामत डासांच्या अंड्यांतही दिसते. मलेरिया पसरवणारी अ‍ॅनॉफिलिस डासाची मादी अंडी सुटी सुटी पाण्यावर टाकते. ती होडीसारखी लांबट अंडी पुढे आपसूक जवळ येऊन तऱ्हेतऱ्हेच्या आकृत्या करतात. २०११ मध्ये फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी ती कशी जुळतात ते पृष्ठताणाच्या आधारानं समजावून सांगितलं. या डासाचा आणि मलेरियाचा संबंध रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत सापडला होता. साचलेल्या पाण्यावरच्या त्या अंड्यांना नियम तोच, जो वाडग्यातल्या कुरमुऱ्यांना.

आता माझ्या मूळ शब्दाकडे येतो. ओढ. हे सगळं वाचताना मला एक मोह झाला, तो कबूल करतो. सारखे सारख्याला जवळ करतात, वेगळे दूर सरतात, हे वाक्य माणसांवर नेऊन बसवावं असं कुठल्याही कवीला वाटेल. मी मुसलमान, लिहितो मराठीत. तुम्ही नेमके कुठल्या पुंजक्यातले, असं मला आजवर अनेकदा विचारलं गेलं आहे. त्यामुळे कुरमुरा आणि टाचणीची गोष्ट मला लगेच कामाला आली असती. पण मॉडेल वापरायचं तर आपण काय सोडलं हे आधी सांगावं लागतं. कुरमुऱ्याला भाषा नाही, आठवण नाही, शेजार बदलायची इच्छा नाही. माणसातून एवढं सोडलं तर मागे उरतं ते वजन. तेवढ्यावर माणसाचा हिशोब मांडला तर तो चुकणारच.

उपमा चुकली तरी कुणी तिला वाडगा भरून तपासत नाही. मॉडेलला मात्र ती सूट नाही. मेयरच्या सुया अणूच्या बाबतीत नापास झाल्या, एडिंबराचा हिशोब पास झाला, आणि दोन्ही निकाल पाण्यावर लागले. माझ्या ‘ओढ’ या शब्दाचंही असंच झालं. तो चुकीचा होता असं नाही, पण मी तो कुरमुऱ्यांच्या पोटात ठेवला होता आणि तो निघाला त्यांच्यामधल्या पाण्यात.

तेव्हा आज रात्री वाडगा घेतलात तर अर्धा भरून थांबू नका, काठोकाठ भरूनही पाहा. आमच्या घरी कुरमुरा मध्यावर आला. तुमच्याकडे नाही आला, तर मला खोटं ठरवण्याआधी पाणी काठाच्या वर खरंच फुगलं आहे का ते एकदा तपासा. फुगलेलं असूनही नसेल आला, तर मग आपल्या नियमातून काय राहून गेलं ते शोधायला लागा.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)